भाड्याची आगबोट आणि प्रवाळबेटांचे कोडे

१९०१ सालच्या डिसेंबर महिन्यात कोलंबोच्या बंदरातून ‘आम्रा’ नावाची एक आगबोट बाहेर पडली. बोट ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या मालकीची होती. हिंदी महासागरातील बंदरांमधून उतारू आणि माल यांची ने-आण करणे हा त्या कंपनीचा नित्याचा व्यवसाय. परंतु या खेपेस ‘आम्रा’ कोणत्याही व्यापारी बंदराकडे निघालेली नव्हती. एका अमेरिकन गृहस्थाने स्वतःच्या पैशाने ती सबंध बोट भाड्याने घेतली होती. मालदीवची बेटे पाहावयाची, त्यांच्या अवतीभवतीच्या समुद्राचा ठाव घ्यावयाचा आणि अशी बेटे निर्माण कशी झाली याचा निर्णय करावयाचा, एवढेच या सफरीचे प्रयोजन होते.

या गृहस्थाचे नाव अलेक्झांडर अ‍ॅगासिझ. त्या वेळी त्याने वयाची ६६ वर्षे पुरी केली होती. उष्ण कटिबंधातील बेटे पाहण्यासाठी बोट भाड्याने घेण्याची त्याची ही पहिलीच वेळ नव्हती. तथापि त्याच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची वेळ होती. ज्या प्रश्नाच्या मागे त्याने आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे घालविली, त्याचे उत्तर मालदीवमध्ये आपल्याला मिळेल अशी त्याची खात्री होती. उत्तर तेथे होतेही. मात्र ते ‘आम्रा’च्या डेकवरून दिसण्यासारखे नव्हते. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी मूळ कोडे काय होते ते प्रथम पाहिले पाहिजे.

समुद्रातील कंकणे

मालदीवच्या नकाशाकडे पाहिले असता एखाद्या स्त्रीच्या हातातील काकणे फुटून पाण्यावर विखुरली असावीत असा भास होतो. सुमारे बाराशे लहान बेटे, आणि ती सर्व कड्याकड्यांच्या आकारात मांडलेली. प्रत्येक कड्याच्या मध्यभागी शांत, उथळ, हिरवट निळ्या पाण्याचे सरोवर असते. कड्याच्या बाहेर मात्र समुद्र एकाएकी खोल होतो. अशा बेटास आपण कंकणद्वीप म्हणतो. इंग्रजीत रूढ झालेला ‘अ‍ॅटॉल’ हा शब्द मालदीवच्याच दिवेही भाषेतून जगभर गेला आहे. तेथील लोक अशा बेटसमूहास ‘अतोळु’ म्हणतात.

ही कडी कोणी बांधली, याविषयी मुळीच शंका नव्हती. प्रवाळ किंवा पोवळे नावाचे इवलेसे प्राणी हे त्यांचे शिल्पकार होत. पोवळ्याचा एक प्राणी बहुधा करंगळीच्या नखाएवढाही नसतो. मऊ पिशवीसारखे शरीर, तोंडाभोवती हातासारख्या शुंडिकांचे वलय, आणि बुडाशी समुद्रातील चुन्यापासून त्याने स्वतः बनविलेली कठीण वाटी, एवढाच त्याचा संसार. परंतु असे लक्षावधी प्राणी एकमेकांस चिकटून पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जुने मरतात, त्यांच्या वाट्या राहतात आणि त्यांवर नवे वाढतात. अशा रीतीने चुनखडीची प्रचंड भिंत उभी राहते.

येथेच कोड्यास प्रारंभ होतो. भिंत बांधणाऱ्या प्रवाळाच्या शरीरात एकपेशीय शैवले राहतात. ही शैवले सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात आणि त्यांतील मोठा वाटा आपल्या यजमानास देतात. प्रकाश नाही तेथे शैवल नाही, आणि शैवल नाही तेथे भिंतीचे बांधकामही नाही. म्हणून साधारणतः २५ ते ३० वाव, म्हणजे सुमारे ५० मीटर, खोलीच्या खाली प्रवाळ भिंत उभारू शकत नाही. असे असता, जेथे समुद्र हजारो फूट खोल आहे तेथे या भिंतींनी पाया कोठे घातला? १८३६ सालच्या एप्रिल महिन्यात ‘बीगल’ जहाजाचा कप्तान फिट्झरॉय याने हिंदी महासागरातील कीलिंग या कंकणद्वीपापाशी समुद्राचा ठाव घेण्याचा प्रयत्न केला. किनाऱ्यापासून अवघ्या २,२०० यार्डांवर ७,२०० फूट लांबीची दोरी सोडली, तरी तिला तळ लागला नाही. सूर्यप्रकाशावाचून न जगणाऱ्या प्राण्यांनी अशा अथांग समुद्रातून घरे वर आणली कशी?

डार्विनचे उत्तर

‘बीगल’वरच असलेल्या तरुण चार्ल्स डार्विनला याचे उत्तर सुचले होते. गंमत अशी की, खरीखुरी प्रवाळभित्ती डोळ्यांनी पाहण्यापूर्वीच, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर जमीन वर उचलली गेल्याच्या खुणा पाहत असताना, त्याने ही उपपत्ती मनाशी जुळविली होती. जमीन जर उचलली जाऊ शकते, तर ती खचूही शकते, हे तिचे मूळ सूत्र.

अशी कल्पना करा की, उष्ण समुद्रात एक ज्वालामुखीचे बेट आहे. त्याच्या किनाऱ्याला लागून प्रवाळ वाढू लागते. ही झाली किनाराभित्ती. पुढे ते बेट अत्यंत मंद गतीने खचू लागते. प्रवाळ मात्र प्रकाशाच्या ओढीने वर वर वाढतच राहते. बेट आकुंचन पावते, भिंत जागच्या जागी उंचावते, आणि दोहोंच्या मध्ये पाण्याचा पट्टा निर्माण होतो. ही झाली रोधभित्ती. शेवटी बेटाचे शिखरही पाण्याखाली जाते. वर उरते ते केवळ प्रवाळाचे कडे आणि मध्ये सरोवर. कंकणद्वीप म्हणजे बुडालेल्या पर्वताची स्मृती होय, असा या विवेचनाचा मथितार्थ.

डार्विनचा ग्रंथ १८४२ साली प्रसिद्ध झाला. त्यात मालदीवविषयी पुष्कळ विवेचन आहे, परंतु डार्विन स्वतः मालदीवला कधी गेला नव्हता. त्याचा आधार होता तो कप्तान मॉर्सबी याने १८३४ ते १८३६ या काळात केलेल्या सर्वेक्षणाचा. मराठी वाचकांस येथे एक नाते आढळेल. मॉर्सबी हा मुंबईस ठाणे असलेल्या ‘इंडियन नेव्ही’चा अधिकारी होता. त्याच्या पथकातील यंग आणि ख्रिस्तोफर हे दोन अधिकारी मालदीवची राजधानी माले येथे काही काळ राहिले, तापाने आजारी पडले, आणि तरीही तेथील लोकजीवनाविषयी त्यांनी लिहिलेला वृत्तांत मुंबईच्या भूगोल मंडळाच्या कार्यवृत्तात छापला गेला.

डार्विनच्या उपपत्तीस पुढे विरोध झाला. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या जगप्रसिद्ध सफरीवर असलेल्या जॉन मरे याने १८८० साली निराळे मत मांडले. समुद्रतळावर सूक्ष्म जीवांची कवचे आणि गाळ साचून उंचवटे तयार होतात, ते पुरेसे वर आले की त्यांवर प्रवाळ वाढते, आणि मधला भाग पाण्यात विरघळून सरोवर बनते, असे त्याचे म्हणणे. या मताप्रमाणे जमीन खचण्याची आवश्यकताच उरत नाही. दोन्ही मते तर्कशुद्ध होती. निर्णय करण्यास पुरावा हवा होता, आणि पुरावा समुद्राखाली होता.

खाणमालक शास्त्रज्ञ

अलेक्झांडर अ‍ॅगासिझचा जन्म १८३५ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला. त्याचे वडील लुई अ‍ॅगासिझ हे हिमयुगाच्या संशोधनाबद्दल विख्यात असून अमेरिकेतील हार्वर्ड येथील तुलनात्मक प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयाचे संस्थापक होते. मुलाने प्राणिशास्त्र आणि अभियांत्रिकी या दोन्ही विद्या हस्तगत केल्या. मिशिगनमधील कॅल्यूमेट आणि हेक्ला या तांब्याच्या खाणी त्याने ऊर्जितावस्थेस आणल्या आणि त्यातून तो अतिशय धनवान झाला. परंतु १८७३ सालच्या डिसेंबरात वडिलांचे निधन झाले आणि अवघ्या आठ दिवसांनी पत्नीही वारली. या आघातानंतर समुद्र आणि समुद्रातील संशोधन हाच त्याचा विसावा झाला असे म्हणावयास हरकत नाही.

अभियंत्याची दृष्टी त्याला येथे उपयोगी पडली. समुद्रतळ खरवडून नमुने वर काढण्याच्या जाळ्यांस त्या काळी तागाचे जाडजूड दोर बांधीत. त्यांच्याऐवजी पोलादी तारांचा दोर वापरण्याची पद्धत त्याने ‘ब्लेक’ या जहाजावर रूढ केली. खाणीत असे दोर वापरण्याचा त्याला अनुभव होताच. त्यामुळे काम कितीतरी जलद होऊ लागले.

१८८१ सालच्या मे महिन्यात वृद्ध डार्विनने त्याला एक पत्र लिहिले. आपली उपपत्ती चुकीची ठरली तर ती जितक्या लवकर खोडली जाईल तितके बरे, असा त्यातील सूर होता. त्याच पत्रात डार्विनने अशी इच्छा प्रकट केली की, एखाद्या गर्भश्रीमंताने मनावर घेऊन पॅसिफिक आणि हिंदी महासागरांतील काही कंकणद्वीपांमध्ये पाचसहाशे फूट खोल छिद्रे पाडावीत आणि तेथील खडकांचे नमुने तपासण्यासाठी आणावेत. पत्र ज्याला लिहिले तो स्वतःच असा धनिक होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढच्याच वर्षी डार्विन निवर्तला. अ‍ॅगासिझने धन खर्च केले, मात्र मुख्यतः बोटींवर. एका बेटावर खोल जाण्यापेक्षा जगातील अधिकांत अधिक बेटे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत, हा मार्ग त्याला अधिक पसंत पडला.

बोट भाड्याने घेणे म्हणजे काय?

सरकारी जहाजावरून संशोधन करावयाचे झाल्यास जहाजाच्या फुरसतीप्रमाणे चालावे लागते. व्यापारी बोटीने जावे तर ती ठराविक बंदरांपलीकडे जात नाही. म्हणून अ‍ॅगासिझने सबंध बोट भाड्याने घेण्याची पद्धत स्वीकारली. १८९६ साली ‘क्रॉयडन’ बोटीतून त्याने ऑस्ट्रेलियाची महारोधभित्ती पाहिली. १८९७-९८ साली ‘यराला’ घेऊन तो फिजी बेटांमध्ये हिंडला. आणि त्यानंतर आली मालदीवची ‘आम्रा’.

असा प्रवास श्रीमंताची चैन वाटेल, पण ती चैन नव्हती. कोळसा आणि गोडे पाणी यांची बेगमी अगोदर करावी लागे, कारण एकदा बेटांमध्ये शिरल्यावर दोन्ही मिळण्याचा भरवसा नसे. ठाव घेण्याचे यंत्र, पोलादी तार, तरंगणारे सूक्ष्मजीव गोळा करण्याची बारीक जाळी, नमुने टिकविण्यासाठी मद्यार्क, हे सर्व साहित्य नीट बसवावे लागे. सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे ऋतूची निवड. ‘क्रॉयडन’वर एप्रिल-मे महिन्यांत आग्नेयेकडील व्यापारी वारे इतके जोराने वाहिले की, पुष्कळ दिवस नांगर टाकून स्वस्थ बसावे लागले. मालदीवसाठी त्याने ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे हिवाळ्याचा, काळ निवडला तो योग्यच होता.

प्रवाळभित्तींमधून बोट हाकारणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. सूर्य डोक्यावर आणि पाठीमागे असला म्हणजेच पाण्याखालचा धोका दिसतो. गडद निळे पाणी खोल, हिरवे पाणी उथळ, फिकट पाण्याखाली वाळू, आणि तपकिरी छटा दिसली की भित्तीचा माथा अगदी जवळ आला असे समजावे. सूर्य समोर असला तर पाण्याचा नुसता आरसा होतो आणि त्या आरशाखाली काय आहे ते कळत नाही. म्हणून डोलकाठीवर तीक्ष्ण नजरेचा खलाशी बसवावयाचा आणि संध्याकाळ होण्यापूर्वी नांगर टाकावयाचा, हा तेथील शिरस्ता. यंत्रे कितीही सुधारली, तरी हा नियम आजही बदललेला नाही.

मालदीवच्या जळात

उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत मालदीवचा विस्तार ८०० किलोमीटरांहून अधिक आहे. या विस्तारात ‘आम्रा’ फिरत राहिली. जागोजाग तार सोडून खोली मोजण्यात आली. असे आढळले की, मधल्या भागात कंकणद्वीपांच्या दोन समांतर रांगा आहेत, आणि त्या दोहोंमधील समुद्र बाहेरच्या समुद्राच्या मानाने पुष्कळच उथळ आहे. जणू सर्व कंकणद्वीपे एकाच लांबलचक पठारावर उभी आहेत. आणखी एक चमत्कार असा की, मोठ्या कड्याच्या काठावर लहान लहान कडी ओळीने बसलेली आहेत. प्रत्येकाचे स्वतःचे चिमुकले सरोवर आहे. मालदीवचे लोक अशा कड्यास ‘फारो’ म्हणतात.

अशा एखाद्या कड्याच्या आतल्या बाजूस लहान होडी सोडून पाण्यात डोकावले, तर अ‍ॅगासिझसारख्या मनुष्याने आयुष्य बेटांमागे का घालविले ते ध्यानात येते. हरिणाच्या शिंगांसारखी फांद्या फुटलेली पोवळी, मेंदूसारख्या वळ्या असलेले गोल धोंडे, मेजासारखे पसरट थर, आणि या सर्वांमधून फिरणारे माशांचे थवे. पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी भित्ती कुरतडताना दिसतो आणि पाणी शांत असेल तर कुरतडण्याचा आवाजही ऐकू येतो. तो शैवल खातो आणि चुन्याचा चुरा वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. बेटांवरील शुभ्र वाळूचा बराच भाग अशा रीतीने माशांच्या पोटातून आलेला आहे. खडकाच्या भेगेत महाशिंपला आपली रंगीत झालर पसरून बसलेला असतो. त्याच्याही शरीरात प्रवाळाप्रमाणेच शैवले वस्तीस असतात. भित्तीच्या खिंडारांतून भरतीचे पाणी आत शिरते तेव्हा त्याबरोबर तरंगणारे सूक्ष्मजीव येतात, आणि ते गाळून खाण्यासाठी प्रचंड पाकट मासे पंख हलवीत संथपणे येतात. हिरवी कासवे सरोवरातील सागरी गवतावर चरतात. वर सुरय पक्ष्यांचे कलकलाट करणारे थवे दिसले की, खाली कोळी लोकांना हवे असलेले मासे आहेत असे समजावे.

अ‍ॅगासिझच्या अगोदर थोड्याच दिवसांपूर्वी, १८९९-१९०० साली, केंब्रिजचा स्टॅन्ली गार्डिनर आपल्या सोबत्यांसह याच बेटांत येऊन गेला होता. मिनिकॉय आणि मालदीव येथील जीवसृष्टीवर त्याने प्रसिद्ध केलेले खंड आजही प्राणिशास्त्रज्ञांना उपयोगी पडतात. तेव्हा मालदीव हे काही अज्ञात स्थळ नव्हते. अ‍ॅगासिझला हवी होती ती एका प्रश्नाची तड.

त्याच्या मते तड लागलीही. मालदीवमध्ये जमीन खचल्याचे कोणतेही चिन्ह आपणास दिसले नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. फिजीत त्याने सुमारे हजार फूट उंच उचललेली प्रवाळी चुनखडीची बेटे पाहिली होती. जेथे जमीन वर आली आहे तेथे ती खचली असे कसे म्हणावे? मालदीवचे पठार आणि त्यावरील लाटांचे व प्रवाहांचे कार्य एवढ्यानेच कड्यांची उत्पत्ती लावता येते, असे त्याला वाटले. १९०३ साली मालदीववरील त्याचा भव्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रवाळभित्तींचा समग्र विचार करणारा अखेरचा ग्रंथ मात्र त्याच्या हातून लिहून झाला नाही. १९१० सालच्या मार्च महिन्यात, इंग्लंडहून अमेरिकेस परतताना, ‘अ‍ॅड्रिअ‍ॅटिक’ जहाजावर त्याचे निधन झाले. समुद्रावर घालविलेल्या आयुष्याचा शेवट समुद्रावरच झाला.

बोटीखाली काय होते?

डार्विनने सुचविलेल्या उपायाचा अवलंब दरम्यान दुसऱ्यांनी केला होता. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या वर्षांत पॅसिफिकमधील फुनाफुटी बेटावर छिद्र पाडविले. तिसऱ्या वर्षी ते १,११४ फुटांपर्यंत गेले. सर्व नमुने प्रवाळी चुनखडीचेच निघाले. पण खाली ज्वालामुखीचा खडक लागला नाही. त्यामुळे भित्तीच्या उतारावरून कोसळलेल्या ढिगाऱ्यातच छिद्र गेले असावे असे म्हणण्यास विरोधकांस वाव राहिला. वाद मिटला नाही.

तो मिटला १९५२ साली. पॅसिफिकमधील एनिवेटोक या कंकणद्वीपावर अमेरिकेने अण्वस्त्रचाचण्यांच्या तयारीसाठी खोल छिद्रे पाडली. चार हजार फुटांहून अधिक जाडीची चुनखडी भेदल्यावर यंत्राच्या दातांस काळा ज्वालामुखी खडक लागला. त्यावर चढलेले सर्व थर उथळ पाण्यातील जीवांचे होते. उथळ पाण्यातील जीव चार हजार फूट खाली सापडावेत, याचा अर्थ एकच. ते जेथे राहिले ती जमीन खचत गेली होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका तरुणाने बेट पाहण्याआधी केलेला तर्क खरा ठरला. ज्याने शेकडो बेटे पाहिली तो चुकला.

यावरून अ‍ॅगासिझचे श्रम व्यर्थ गेले असे मात्र कोणी समजू नये. प्रत्येक बेटाचा इतिहास निराळा असू शकतो आणि एकाच सूत्रात सर्व भित्ती बसविता येणार नाहीत, हा त्याचा आग्रह रास्त होता. आज आपणास ठाऊक आहे की, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या वेळी मालदीवच्या भित्ती उघड्या पडल्या होत्या आणि पावसाच्या पाण्याने त्यांची चुनखडी झिजत होती. सरोवरे आणि ‘फारो’ यांच्या आजच्या आकारात या झिजेचाही हात आहे. डार्विनच्या चित्रात ही गोष्ट नव्हती. अ‍ॅगासिझने घेतलेली मापे आणि छायाचित्रे टिकली, केवळ त्यांवरून काढलेला निष्कर्ष टिकला नाही. शास्त्रात असे वारंवार घडते, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

सह्याद्रीचे भावंड

खुद्द मालदीवचा निर्णय आणखी पुढे लागला. १९८७ साली ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ हे छिद्रण-जहाज मालदीवच्या परिसरात आले. मूळचे खनिज तेलाच्या शोधासाठी बांधलेले हे जहाज संशोधनासाठी भाड्याने घेतलेले होते. म्हणजे ‘आम्रा’प्रमाणे तेही भाड्याचेच. पण ‘आम्रा’ची तार समुद्रतळापर्यंत पोहोचून थांबत असे, तर या जहाजाची नळी तळ फोडून खाली जाई. मालदीवच्या पूर्व कडेस, दोन हजार मीटरांहून अधिक खोल पाण्याखाली, तिला ज्वालामुखीचा खडक लागला. त्याचे वय सुमारे ५.७ कोटी वर्षे. तो खोल समुद्रात नव्हे, तर उघड्या हवेत थिजलेला होता, आणि त्याच्यावर उथळ पाण्यातील प्रवाळी चुनखडी होती. मालदीवच्या बुडाशी खरोखरच बुडालेला पर्वत आहे.

हा पर्वत आला कोठून? येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबून आपल्या पायाखालच्या काळ्या कातळाकडे पाहावे. पृथ्वीच्या पोटातून तप्त द्रव्य ज्या जागी सतत वर येते अशी एक जागा आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी याच जागेवरून उत्तरेकडे सरकत होती. तेव्हा जो लाव्हा पसरला त्याचेच दख्खनचे पठार आणि सह्याद्रीचे कडे बनले. भारत पुढे सरकत गेला, खालची भट्टी मात्र जागीच धगधगत राहिली. तिच्यातून ओळीने नवे पर्वत उभे राहिले. प्रथम लक्षद्वीपची रांग, मग मालदीव, मग चागोस, आणि पुढे मॉरिशस व रियुनियन. दक्षिणेकडे जावे तसतसे खडकाचे वय कमी होत जाते. समुद्रतळ थंड होताना आकसतो आणि खाली बसतो, म्हणून हे पर्वतही खचले. त्यांच्या माथ्यावर प्रवाळाने आपले घर वर वर बांधत नेले. रायगडाचा कातळ आणि मालदीवचा पाया ही एकाच भट्टीची अपत्ये होत. एक भावंड वर राहिले, दुसरे समुद्राखाली गेले.

आजचा प्रवासी

आज मालदीवमध्ये बोट भाड्याने घेण्यास खाणीचा मालक असावे लागत नाही. ‘धोणी’ या तेथील परंपरागत नौकेपासून ते आठ-दहा दिवस समुद्रावर राहता येईल अशा मोठ्या बोटींपर्यंत सर्व प्रकार प्रवाशांसाठी उपलब्ध आहेत. अ‍ॅगासिझला जे होडीच्या काठावरून पाहावे लागले, ते आता मुखवटा लावून पाण्यात शिरून पाहता येते. परंतु पाहण्याची ही सोय वाढत असतानाच पाहावयाची वस्तू नाहीशी होण्याचा धोका निर्माण झाला आहे.

उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा समुद्र केवळ एक अंशाने अधिक तापला आणि काही आठवडे तसाच राहिला, तर प्रवाळ आपल्या शरीरातील शैवले बाहेर टाकते. मग ते पांढरे फटक पडते आणि पाणी लवकर निवले नाही तर उपासमारीने मरते. १९९८ साली मालदीवच्या उथळ भित्तींवरील बहुतेक प्रवाळ असे मेले. लक्षद्वीपलाही तोच तडाखा बसला. सावरत असतानाच २०१० आणि २०१६ साली पुन्हा आघात झाले. २०२४ सालच्या एप्रिल महिन्यात जगभर चौथ्यांदा असा व्यापक आघात सुरू असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले.

येथे डार्विनच्या उपपत्तीचा आजच्या काळाशी संबंध पोहोचतो. जमीन खचत होती ती हजार वर्षांत फार तर काही सेंटिमीटर. समुद्राची पातळी आज वर्षाला सुमारे तीन ते चार मिलिमीटर वाढत आहे, म्हणजे हजार वर्षांच्या हिशेबाने तीन-चार मीटर. हिमयुग संपताना पातळी याहूनही वेगाने वाढली होती, आणि तरीही भित्ती वर येऊन पोहोचल्या. तेव्हा केवळ वाढत्या पाण्याने बेटे बुडतील असे नाही. प्रश्न असा आहे की, घर वर चढविणारा गवंडी जिवंत राहील काय? ज्या देशातील सर्वांत उंच नैसर्गिक स्थळ समुद्रापासून अवघे अडीच मीटर आहे, तेथील लोकांच्या दृष्टीने हा केवळ शास्त्रीय प्रश्न नाही.

म्हणून बोट घेऊन अशा बेटांकडे जाणाऱ्याने काही गोष्टी पाळाव्यात. नांगर भित्तीवर कधीही टाकू नये. तो वाळूत टाकावा किंवा बांधून ठेवलेल्या तरंगत्या पिंपास बोट बांधावी. एका नांगराच्या ओढीने शेकडो वर्षांचे पोवळे क्षणात मोडते. पोवळ्यावर उभे राहू नये. कासवाचा किंवा पाकटाचा पाठलाग करू नये, आपण स्थिर राहिलो तर तेच जवळ येतात. शंख, पोवळी उचलून आणू नयेत. भारतात दगडी प्रवाळांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे.

आणि बोटीच्या काठावरून निळ्या पाण्यात पाहताना एवढे स्मरणात ठेवावे की, डोळ्यांस जे दिसते ते इमारतीचा शेवटचा मजला आहे. त्याखाली मृत पिढ्यांचे मजल्यावर मजले आहेत आणि सर्वांत खाली आपल्याच डोंगरांच्या जातीचा काळा कातळ आहे. अ‍ॅगासिझला तो दिसला नाही. आपल्याला तो ठाऊक आहे. वरचा जिवंत मजला राखणे एवढे मात्र आता आपल्याकडे आले आहे.